गळ्यातली आई

"अक्का, चहा घ्या," असं हळूच म्हणून तिनं बशी गळ्यापाशी नेली, गळ्यातल्या चांदीच्या टाकाला टेकवली आणि मगच स्वतः पहिला भुरका मारला.

मी चुलीसमोर भाकरी थापत होते. माझा हात पिठातच राहिला.

"कुणाला दिला चहा?" गजूनं विचारलं. गजू माझा धाकटा भाऊ. उंबऱ्यात बसून दात घासत होता, तोंडातलं मंजन तसंच.

"तुझ्या आईला," ती म्हणाली.

ती म्हणजे आप्पांची दुसरी बायको. आदल्या दिवशीच देवळात चार माणसांत लग्न लागलं होतं. नाव रत्नप्रभा, वय पंचवीस-सव्वीस. एका पायानं जराशी लंगडायची म्हणून तोवर कुणी केली नव्हती. मी तेरा वर्षांची होते, गजू सात वर्षांचा, आणि आमची आई जाऊन पाच महिने झाले होते.

"माझी आई नातेपुत्याला आहे," गजू ठसक्यात म्हणाला. "मामाकडं. माझी परीक्षा झाली की येणार आहे. ताईला विचार पाहिजे तर."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी परातीत भाकरी अशी थापली, की जणू सगळा गुन्हा त्या भाकरीचाच.

आमच्याकडं दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा असतो. नवं लुगडं नेसायचं तर आधी टाकाला दाखवायचं. गोडधोड करायचं तर पहिला घास टाकाला. नाहीतर पहिली कोपते म्हणे. माझी आई उभ्या जन्मात दोनच गोष्टींवर कोपली, दूध उतू गेलं की आणि मी खोटं बोलले की. पण आत्यानं टाक घडवून आणला होता. चिंचोक्याएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईचा ठसा. दोन डोळे, दोन हात, निऱ्या म्हणून चार रेघा. तो काळ्या दोऱ्यात ओवून नव्या बाईच्या गळ्यात बांधला, झालं.

लोणंदमध्ये आम्हाला सगळे ओळखायचे. आप्पांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान बाजाराच्या तोंडाशीच होतं. शेतकऱ्यांच्या जळलेल्या मोटारी यायच्या आणि आप्पा दिवसभर मान खाली घालून तांब्याची तार गुंडाळत बसायचे. आई गेल्यापासून त्यांनी मान वर करणंच सोडलं. आत्या शेजारच्या आळीत राहायची, घरातलं काय ते तीच ठरवायची. गजूला काही सांगायचं नाही हे तिनंच ठरवलं. आईला दवाखान्यातून आणलं तेव्हा त्याला परस्पर दुसऱ्याच्या घरी धाडला. लहान आहे, त्याला कशाला, म्हणाली.

चौथ्या दिवशी तो परत आला आणि आई कुठाय म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, "नातेपुत्याला गेलीय." तोंडात आलं ते बोलून गेले. आणि एकदा बोलल्यावर मग काय, निभवावं लागलं.

नागपंचमीला त्यानं पुरणाचं दिंड अर्धं खाल्लं आणि उरलेलं माझ्या हातात ठेवलं. "आईला पाठव." मी म्हटलं बरं. नातेपुते गाडीच्या मोकाशी कंडक्टरकडं देते, असं सांगितलं. स्टँडवर गेले, रसवंतीच्या मागं उभी राहिले. टाकून देणार होते, शप्पथ. पण गुळाचं दिंड टाकवतं का कुणाच्यानं? खाल्लं.

घरी आले तर गजू वाट बघत बसलेला. "आई काय म्हणाली?"

"कंडक्टर परवा सांगेल की."

परवा मी सांगितलं, आई म्हणाली गोड होतं, आणि नखं कापून घे म्हणाली. गजूनं मुकाट नखं कापून घेतली. एरवी त्याची नखं कापायची म्हणजे दोन माणसं लागायची.

तिथून पुढं दिवाळीपर्यंत सगळं असंच चाललं. अर्धी करंजी, अर्धा लाडू, मोडकी चकली. सगळं रसवंतीच्या मागं माझ्या पोटात. आणि आई माझ्या तोंडून बोलायची. पाढे पाठ कर. ताईचं ऐक. रात्री अंथरूण ओलं झालं तर लाजू नको. खरं सांगू? मला ते आवडायला लागलं होतं. गजू माझी वेणी मुठीत धरून झोपायचा. त्याच्या आणि आईच्या मध्ये मी होते, माझ्यावाचून त्याचं पान हलत नव्हतं. शाळेत कुणी आईबद्दल विचारलं तरी मला काही व्हायचं नाही. माझ्याकडं वेळच नव्हता काही व्हायला.

आणि आता ही आली, गळ्यात माझी आई बांधून.

मी तिला कुठल्याच नावानं हाक मारत नसे. काही सांगायचं असलं तर भिंतीला सांगायची, "भात करपतोय." ती भिंतीच्या वतीनं उत्तर द्यायची, "आले बाई, आले."

आठ दिवसांनी नळावर तिनं मला गाठलं.

"वैजू, गजूला कुणी सांगितलंच नाही का गं?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"रोज विचारतो मला, आई तुमच्या गळ्यात कशी म्हणून. मी काय सांगू?"

"काही सांगायचं नाही. खबरदार सांगाल तर."

मी तेरा वर्षांची पोर, तिला खबरदार म्हणत होते! तिनं घागर कमरेवर घेतली आणि म्हणाली, "बरं. तू म्हणशील तेव्हा." एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं. मला भांडायचंच होतं.

पण गजू काय गप्प बसणारा? रोज सकाळी ती टाकाला चहा दाखवायची आणि तो डोळे मोठे करून बघायचा. एक दिवस त्यानं आपली बिस्किटं आणली आणि एक टाकाला टेकवलं.

"पोचतं का?"

"मला काय ठाऊक बाळा," ती म्हणाली. "मी आपली देते."

"पोचतं," गजूनं स्वतःच निकाल लावला. "अडतवाल्याच्या फोनसारखं आहे ते. इकडं बोललं की तिकडं ऐकू येतं."

तिनं काही हो म्हटलं नाही, काही नाही म्हटलं नाही. फक्त खाली वाकली, त्याला पुरावं म्हणून. गजूनं तिच्या गळ्यात तोंड खुपसलं आणि टाकाशी काहीतरी कुजबुजला. चांगला बराच वेळ. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काय सांगितलंस रे आईला?" मी नंतर त्याला कोपऱ्यात घेऊन विचारलं.

"ते माझं आणि आईचं आहे."

"मला सांग ना. मी कंडक्टरला..."

"नको," गजू म्हणाला. "मावशीकडं लगेच पोचतं. तुझ्या कंडक्टरला दोन-दोन दिवस लागतात."

बघा! पाच महिने मी राबले, पाढे घोकून घेतले, अंथरुणं वाळत घातली, आणि ही बाई नुसता गळा पुढं करून माझा भाऊ घेऊन गेली. तो तिला मावशी म्हणायला लागला होता. तिच्या मागं मागं फिरायला लागला, ती लंगडते तसा लंगडत. झोपायलाही तिच्याकडं. माझी वेणी मोकळी राहिली. मला मेलीला झोप येईना.

आणि गजूचंच दुःख होतं असंही नाही. मी तिच्या गळ्याकडं बघायची. ती कणीक मळताना टाक पुढं मागं हलायचा, घामानं चमकायचा. आई तिच्या कातडीला चिकटून होती. गजू जाऊन तिथं तोंड घालू शकत होता. मला कोण घालू देणार होतं? मी मोठी. हेवा म्हणतात तो काय असतो ते मला तेव्हा कळलं.

संक्रांतीच्या चार-पाच दिवस आधी टाकाची कडी झिजून तुटायला आली. मावशी पापडाच्या पिठात कोपरापर्यंत बुडालेली. तिनं मला हाक मारली.

"वैजू, पोतदार सोनाराकडं जाऊन नवी कडी लावून आणतेस? तुझी आई आहे, तूच ने."

मग दोरा सोडून टाक ओल्या हातानंच माझ्या हातात ठेवला. "अक्का, लेकीबरोबर जाऊन या," म्हणाली.

मी तो कंपासपेटीत ठेवला. हरवू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. सोनारानं कडी लावून दिली. दुकानाच्या पायरीवर मी पेटी उघडून बघितलं. कंपास, कोनमापक, खोडरबर, आणि त्यांच्यामध्ये आई. पहिल्यांदाच माझी एकटीची. मी तिच्याशी काही बोलणार होते, पण काय बोलायचं तेच सुचेना. गजूला भडाभडा सुचायचं. मला एक शब्द येईना, आणि त्याचाही मला रागच आला.

घरी आले आणि भिंतीला सांगितलं, "टाक पडला वाटेत कुठंतरी."

मावशीचे हात थांबले. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्या हातांकडं. मी पेटी छातीशी धरली होती.

"पडला?"

"पडला."

"बरं," ती म्हणाली. "पडला तर पडला."

तेवढ्यात आत्या आली. आत्याला बातमी नाकानं कळायची. तिनं जो तमाशा केला म्हणता! "सवतीला हरवलंस? दोन महिने झाले नाहीत घरात येऊन, आणि सवतीला हरवलंस? आता बघ काय काय होतंय घरात! कुणाच्या हातून हरवला? ह्या कार्टीच्या?"

मी मनात म्हटलं, सांग. सांग म्हणजे एकदाचा मार बसेल मला.

"माझ्याच हातून," मावशी म्हणाली. "दोरा सैल बांधला होता मी."

मला तिचे उपकार नको होते. पण मी पेटी तेवढी आणखी घट्ट धरली.

गजू मात्र वेडापिसा झाला. "आई हरवली? आई कशी हरवली?" शाळा सुटली की तो घरापासून पोतदाराच्या दुकानापर्यंत वाकून बघत जायचा आणि वाकून बघत यायचा. गटाराच्या कडेनं, चाकोरीत, कांद्याच्या सालपटात. मी घराच्या पायरीवर बसून त्याला बघायची. संध्याकाळी तो खिसे उलटे करून दाखवायचा. सोड्याच्या बाटलीची झाकणं, एक लोखंडी आकडा, बिल्ला. "हे नाही ना?" मावशीला विचारायचा. ती म्हणायची, "नाही बाळा." आणि माझ्याकडं बघायची नाही. मुद्दाम बघायची नाही.

तिसऱ्या दिवशी त्याला सडकून ताप भरला. पाचव्या दिवशी संक्रांत.

मावशीची आमच्या घरातली पहिली संक्रांत. नवं काळं लुगडं, हातभर बांगड्या. आप्पांनी आणलं होतं, कधी नव्हे ते. तिनं गुळपोळ्या केल्या. गजूचा ताप उतरला होता, तो उठला होता. त्यानं पोळी घेतली, बरोबर मधोमध मोडली, अर्धी खाल्ली. आणि उरलेली अर्धी घेऊन माझ्याकडं आला. मी परसात बसून वेणी घालत होते.

"ताई," तो म्हणाला, "मोकाशी कंडक्टर अजून नातेपुते गाडीवर आहे का?"

"का रे?"

"ही त्याच्याकडं दे ना. दोन दिवस लागले तरी चालतील."

झालं होतं की नाही मनासारखं? माझा भाऊ परत माझ्याकडं आला होता. तिच्या गळ्यात आता काही नव्हतं, आणि माझा कंडक्टर पुन्हा रस्त्यावर आला होता. मी पोळी हातात घेतली. तूप लावलेली, अजून कोमट. ती रसवंतीच्या मागं नेऊन खायची होती मला, आणि मग परवा सांगायचं होतं, आई म्हणाली गोड होती. मी पोळी परत त्याच्या हातात कोंबली.

"कंडक्टर नाही," मी म्हटलं.

"बदलला?"

"नव्हताच! कधीच नव्हता. तुझं सगळं मी खात होते. आई नातेपुत्याला नाही. आई मेली, कळलं? आषाढातच मेली. ती असती तर ही कशाला आली असती घरात?"

उभी राहून, वरून खाली ओरडले मी त्याच्यावर. ताप उतरलेल्या पोरावर.

गजूनं हातातल्या अर्ध्या पोळीकडं बघितलं.

"लाडू पण तू खाल्लास?"

"हो."

"बेसनाचा?"

"हो."

"ती चकली? मोडकी होती ती?"

"ती पण."

मग त्याचा चेहरा आक्रसला आणि त्यानं किंकाळी फोडली. मला डोक्यानं धडका मारायला लागला. पोटात, छातीत, जिथं बसेल तिथं. मी त्याला धरायला गेले तर माझ्या हाताला कडकडून चावला. मावशी आतून धावत आली, नव्या लुगड्याच्या निऱ्या सुटलेल्या. तिनं त्याला मागून कवेत घेतलं.

"सांगितलंस?" तिनं मला विचारलं.

"सांगितलं."

"अगं असं उभ्या उभ्या सांगतात का? बसवून सांगावं, हात धरून."

आणि ती खाली बसली, तिथंच, पाणी तापवायच्या चुलीच्या राखेत. गजूला समोर बसवलं, त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि त्याची उसळी थांबेपर्यंत थांबली. घाई म्हणून केली नाही.

"गजू, तुला एक सांगायचंय," ती म्हणाली. "तुझी आई वारली."

"मग परीक्षा झाल्यावर?"

"परीक्षा झाल्यावरही नाही येणार. तिला मोठी कावीळ झाली होती. डॉक्टरांनी लई केलं, पण नाही वाचली."

"मी तिचं ऐकलं नव्हतं म्हणून?"

"नाही रे राजा. तुझ्यामुळं नाही, ताईमुळं नाही, कुणामुळंच नाही."

"मग तुझ्या गळ्यात होती ती कोण?"

"ती आठवण होती. चांदीची. तू बोलायचास ते मलाच ऐकू यायचं. मी कुणाला सांगितलं नाही, आणि सांगणार पण नाही."

गजूनं बरंच विचारलं. आई दुखून मेली का, आता कुठं आहे, तिथं थंडी वाजते का. मावशी माहीत होतं ते सांगत होती, माहीत नव्हतं तिथं "मला ठाऊक नाही बघ" म्हणत होती. मी भिंतीला टेकून उभी होते, चावलेल्या हातातून रक्त येत होतं, आणि अजूनही मला काय वाटत होतं सांगू? हेवाच. त्याचे हात कुणीतरी धरले होते.

रडून रडून गजू तिच्या मांडीवर झोपला. मी आत जाऊन कंपासपेटी आणली आणि टाक तिच्यासमोर ठेवला.

"चोरला होता."

"ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "सोनाराकडं कंपासपेटी घेऊन कोण जातं?"

"मग बोलला का नाही? आत्यानं तुम्हाला एवढं बोलून घेतलं."

तिनं टाक उचलला नाही.

"का बोलू? चार दिवस चहाचा पहिला घोट मी घेतला, वैजू. कुणाला न विचारता. हे लुगडं कुणाला न दाखवता नेसले. बरं वाटलं मला, लाज वाटली पण बरं वाटलं. या घरात सगळं आधी अक्कांचं. चूल त्यांची, नवरा त्यांचा, पोरं त्यांची." ती गजूच्या केसांतून बोटं फिरवत होती. "हा माझ्या गळ्यात पडायचा ना, तुझ्या पोटात दुखायचं. दिसायचं मला. पण तो माझ्या गळ्यात कधी पडला गं? तुझ्या आईच्या पडत होता. मी नुसती खुंटी."

मी तिच्यावर जळत होते आणि ती माझ्या आईवर. सहा महिन्यांपूर्वी मेलेल्या बाईवर! आणि ती बाई बिचारी खाली राखेत पडलेली, दोन डोळे उघडे ठेवून.

"चिडलीस?" मावशीनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. आणि पहिल्यांदाच तिच्याकडं बघून म्हटलं, भिंतीकडं नाही. "मावशी, निऱ्या सुटल्यात तुमच्या."

टाक तिनं परत बांधला. आत्याला सांगितलं, पिठाच्या डब्यात सापडला. पण गजूनं नंतर त्याला कधी बिस्कीट दाखवलं नाही. आणि माझ्याशी तो बोलेना. समोर आले की तोंड फिरवायचा, ताटातलं काही उरलं की लगेच हातानं झाकायचा. सगळ्या आळीला सांगून झालं, माझी आई मेली आणि माझे लाडू ताईनं खाल्ले. दोन्ही एकाच सुरात सांगायचा. मला ऐकून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण अंथरूण कोरडं राहायला लागलं होतं हे खरं.

आठ-नऊ दिवसांनी रविवारी दुपारी मी सोप्यात तांदूळ निवडत होते. मावशी पलीकडं विळीवर भाजी चिरत होती. गजू आला आणि माझ्यापासून दोन हातांवर बसला. बराच वेळ नुसता खडे मोजत होता.

"ताई."

"काय रे?"

"आई मेली तेव्हा तू कुठं होतीस?"

"शाळेत."

"मग तुला कुणी सांगितलं?"

मी बोटानं तांदूळ सारत राहिले. "कुणी नाही."

"मग तुला कसं कळलं?"

"घरी आले तर दारात माणसं होती. बायका रडत होत्या. मी दप्तर ठेवलं, तर कुणीतरी हातात घागर दिली. म्हणाल्या, वैजू, माणसं आलीत, पाणी भर."

"मग?"

"मग भरलं. नळाला सात खेपा घातल्या. आठवी घेऊन आले तोवर आईला घेऊन गेले होते."

विळीचा आवाज थांबला होता.

"बसवून नाही सांगितलं?"

"नाही."

"हात धरून?"

"नाही रे."

"नंतर? आप्पांनी?"

"कुणीच नाही," मी म्हटलं. "मला ठाऊकच होतं ना. मी मोठी."

गजू उठला. त्यानं माझ्या मांडीवरचं सूप उचलून बाजूला ठेवलं, तांदूळ सांडू न देता. मग माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. त्याच्या मुठीत माझी दोन-दोन बोटंच मावत होती. जिथं चावला होता तिथली खपली त्यानं सांभाळून धरली.

"ताई, तुला एक सांगायचंय," तो म्हणाला. "आपली आई वारली."

मला ठाऊक होतं की सगळं. सहा महिने ठाऊक होतं. तरी मी विचारलं, "कधी रे?"

"आषाढात," गजू म्हणाला. "तू पाणी भरत होतीस तेव्हा."

तेव्हा कुठं मला रडू आलं.